आधी एकदा उघडून दाखवा

मित्रांनो, टेबलाखाली पाय सोडून बसलात की कधीतरी गुडघ्याला काहीतरी गरम लागतं ना? तिथे जो काळा, धुळकट डबा घरघरत उभा असतो, तसाच मी एक आहे. लोक मला सीपीयू म्हणतात. टेबलावर बसलेल्या मॉनिटरलाच सगळे कॉम्प्युटर समजतात आणि त्याचीच काच पुसतात. माझी त्याला हरकत नाही. कुणी हात लावला नाही की मला बरंच वाटतं, कारण मी मुळातच भित्रा आहे. लाईट गेली की घाबरतो आणि लाईट आली की त्याहून जास्त घाबरतो. एकदा मागच्या जाळीतून एक पाल माझ्या आत शिरली होती. ती गेली, पण ती गेली यावर माझा अजून पुरता विश्वास नाही.

माझा जन्म उल्हासनगरचा. तीन नंबर कॅम्पच्या बाजारात जितेश नावाच्या तरुण सिंधी दुकानदाराने मला जोडलं. एका कानाला मोबाईल लावून तो आईशी सिंधीत जेवणाचं बोलत होता आणि दुसऱ्या हाताने माझे स्क्रू पिळत होता. डिस्क नवी होती, पंखा कुणाच्या तरी जुन्या मशीनमधला होता. बटण दाबल्यावर मी धडधडत जागा झालो. जितेश माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणाला, "चलो, ये भागेगा." आयुष्यातलं ते माझं पहिलं कौतुक.

मला विकत घेतलं अंबरनाथच्या गुरुदत्तकाकांनी. काका ऑर्डनन्स फॅक्टरीच्या ऑफिसात टायपिस्ट होते आणि नुकतेच रिटायर झाले होते. हातांना चैन पडेना, म्हणून त्यांनी मला आणलं आणि पहिल्याच दिवशी माझ्यात मराठी टायपिंग बसवून घेतलं. सोसायटीच्या नोटिसा, मुलींचे बायोडेटा, नळाला पाणी येत नाही म्हणून केलेले अर्ज, सगळं माझ्यातून निघायचं. शेजारचे म्हणायचे, "काकांकडे गेलं की काम झालंच." ते ऐकून माझा पंखा जरा जोरात फिरायचा. ते दिवस चांगले होते.

पुढे घरात लॅपटॉप आला. माझ्या अंगावर जुनी चादर पडली आणि चादरीवर पोह्यांचा डबा. कितीतरी महिने मी तो डबा डोक्यावर घेऊन अंधारात बसलो होतो. मग एक दिवस काकांनी चादर ओढली, मला फडक्याने पुसलं, रिक्षात घातलं आणि मोरिवलीला नेलं. कारखान्यांच्या भिंतीला लागून तिथे दोन खोल्या आहेत. त्या खोल्यांत मैत्रेयीताई बसतात. घरात ज्या बायकांना मारहाण होते, त्यांना मदत करायचं काम ताई करतात. वकील शोधून देतात, राहायला सुरक्षित जागा बघून देतात. काका त्यांच्याकडे फुकट टायपिंग करायला जाऊ लागले आणि जाताना मला घेऊन गेले.

तिथे मला काय काय ऐकावं लागलं, ते तुम्हाला सगळं सांगत नाही. बायका हळू आवाजात बोलायच्या, काका मान खाली घालून मराठीत टाईप करायचे आणि ते सगळं माझ्या डिस्कवर येऊन बसायचं. कोणाला कोणी मारलं, आणि कोण आता कुठे राहतं. मी ते सांभाळत होतो, पण मित्रांनो, मला दारच नव्हतं. बटण दाबलं की मी सताड उघडा. समोर बसेल त्याला सगळं दाखवायचं, एवढंच मला येत होतं.

राजसी आली तेव्हा तिच्या ओठाला टाका होता. बदलापूरजवळ सोनिवलीला नव्या इमारतीत तिचा फ्लॅट होता. तिचा नवरा विक्रांत रोज इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसला जायचा, सोसायटीत सगळ्यांशी गोड बोलायचा आणि घरी आल्यावर तिला मारायचा. मारताना तो जे बोलायचा, ते तिने एकदा मोबाईलमध्ये रेकॉर्ड केलं होतं. जखमांचे फोटोही होते. काकांनी वायर लावून ते सगळं माझ्यात उतरवून घेतलं. ती घरी गेली, विक्रांतला संशय आला आणि त्याने तो मोबाईल भिंतीवर आपटून फोडला. त्याच रात्री राजसी घर सोडून निघाली. ताईंनी तिला एका ठिकाणी लपवून ठेवलं आणि केस कोर्टात गेली. आता तिचा पुरावा जगात एकाच जागी होता आणि तिचा नवा पत्ताही त्याच जागी होता. ती जागा म्हणजे मी.

कोर्टाची नोटीस मिळाल्यावर विक्रांत मोरिवलीला आला. हातात पेढ्यांचा बॉक्स होता. "मॅडम, मला फक्त ती बरी आहे ना एवढं कळू दे. कुठे राहते तेवढं सांगा, मी त्रास देणार नाही," असं तो इतक्या नम्रपणे म्हणाला की मलाही क्षणभर खरं वाटलं. ताईंनी नाही म्हणून सांगितलं. तेवढ्यात आतल्या खोलीत त्यांचा फोन वाजला. काका दाराबाहेर चहा सांगायला गेले होते. विक्रांत उठला आणि सरळ काकांच्या खुर्चीत येऊन बसला.

मी चालूच होतो. त्याचा हात माऊसवर आला. हात कोरडा आणि शांत होता. एक फोल्डर उघडलं, बंद केलं, दुसरं उघडलं. तिसऱ्याचं नाव होतं 'पत्ते'. काकांना सगळी नावं अशी सरळ द्यायची सवय. बाण त्या नावावर येऊन थांबला. मी काय करणार होतो? त्याने क्लिक केलं असतं तर मी उघडलो असतो. मला दुसरं काही येतच नव्हतं.

दारात काका उभे राहिले. "काय हवंय तुम्हाला?"

"काही नाही, काका. चालू होता, म्हणून बघत होतो," विक्रांत हसून म्हणाला. पेढे टेबलावर तसेच ठेवून तो गेला. ते पेढे कोणी खाल्ले नाहीत.

ताईंनी त्याच संध्याकाळी काकांकडून नंबर घेऊन जितेशला, मला जोडणाऱ्या त्या दुकानदाराला, फोन लावला. गुरुवारी तो आला. गुरुवारच का, तर शुक्रवारी आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी असते आणि तो दिवस धरून वीजवाले दुरुस्तीसाठी लाईट घालवतात. शनिवारी जितेशला दुकान सोडता येत नव्हतं आणि सोमवारी कोर्टात तारीख होती. म्हणजे जे करायचं ते गुरुवारीच. राजसीही आली होती, सोमवारच्या कागदांवर सह्या करायला. ती दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत अंग चोरून बसली होती.

जितेशने मला ओळखलं. "अरे, ये अपना ही बच्चा है. अजून जिवंत?" मग त्याने ताईंना समजावलं. "ताई, हे सॉफ्टवेअर पूरी डिस्क को ताला लावणार. अंदर जो पण आहे, सगळ्याची खिचडी करून टाकतं. चालू करताच सबसे पहिले पासवर्ड विचारणार. बरोबर टाकला तर सगळं दिसेल. नाही टाकला तर कोणी पण येऊ दे, मी पण येऊ दे, कुछ नहीं दिखेगा."

"आणि पासवर्ड विसरला तर?" काकांनी विचारलं.

"तो भूल जाओ. फिर भगवान भी नहीं खोलेगा. बॅकअप तो है ना, ताई?"

"आहे ना. वेगळं 'बॅकअप' नावाचं फोल्डरच करून ठेवलंय मी," ताई म्हणाल्या. जितेशने 'आहे' एवढंच ऐकलं आणि पुढच्या कामाला लागला.

ते सॉफ्टवेअर माझ्यात उतरू लागलं तेव्हा मी थरथरत होतो. खिचडी हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. इतकी वर्षं ज्या बायकांचं बोलणं मी जपलं, ते विस्कटणार, आणि परत नीट लावायची सगळी मदार एका शब्दावर. मग पडद्यावर रिकामी चौकट आली. जितेश पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, आता पासवर्ड टाका. मला सांगू नका."

मैत्रेयीताईंनी मनात ठरवलेला शब्द टाईप केला. पडद्यावर नुसते काळे ठिपके उमटले. त्यांनी तो पुन्हा एकदा टाकला. दोन्ही सारखे निघाले, म्हणून सॉफ्टवेअर खूश झालं, जितेश खूश झाला, ताईही खूश झाल्या. मी तेवढा गोठलो होतो.

मित्रांनो, आता माझ्या पोटातलं एक सांगतो, तेवढं नीट ऐका. कीबोर्डवरचं बटण एकच असतं. मराठी लावलेली असेल तर त्यातून मराठी अक्षर निघतं, इंग्रजी लावली तर इंग्रजी. काका सकाळपासून मराठीत टाईप करत होते आणि ती मराठी तशीच राहिली होती. ताईंना वाटलं, आपण इंग्रजी शब्द टाकला. ठिपक्यांमुळे कोणाला काही दिसलं नाही. मला दिसलं. माझ्याकडे भलतीच मराठी अक्षरं आली होती. खरी भीती पुढची होती. मी चालू होताना सगळ्यात आधी जो पासवर्ड विचारला जाणार, त्या वेळी माझ्यातली मराठी झोपलेली असते. तेव्हा मला फक्त इंग्रजी बटणं कळतात. म्हणजे एकदा कुलूप लागलं की ताईंनी तोच शब्द, तीच बटणं, जन्मभर दाबली असती तरी मी म्हणालो असतो, चूक.

मी हे सांगणार कसं? मला तोंड नाही. पंखा फिरवून बघितला, तर काका म्हणाले, "धूळ फार झालीय त्याच्यात."

पडद्यावर प्रश्न आला. कुलूप लावण्याआधी चाचणी घ्यायची का? चाचणी म्हणजे मला बंद करून पुन्हा चालू करायचं, पासवर्ड टाकून बघायचा, तो चालला तरच पुढे कुलूप. शेजारीच दुसरं बटण होतं, चाचणी सोडून द्या.

जितेशने घड्याळ बघितलं. "ये टेस्ट छोड देते हैं, ताई. हा डबा बंद करून चालू करायला एवढा टाईम खातो, आणि ताला लागायला अजून तीन-चार तास जाणार. मध्ये लाईट गेली तर अजून लफडा. मैंने इतनों का किया है, कुछ नहीं होता."

"हो, सोडून द्या," ताई म्हणाल्या. बाण त्या दुसऱ्या बटणावर गेला.

"आणि नाहीच उघडलं तर?" राजसीने विचारलं.

सगळे तिच्याकडे वळले. काका मायेने म्हणाले, "अगं पोरी, जितेशचं रोजचं काम आहे हे." ताई म्हणाल्या, "राजसी, घाबरू नकोस. तुझ्यासाठीच तर चाललंय ना सगळं." दोघांच्याही मनात काही वाईट नव्हतं. पण घाबरू नकोस म्हटलं की घाबरणारं माणूस गप्प बसतं, हे मी माझ्यावरून सांगतो. मला वाटलं, संपलं आता. आता ही मान खाली घालणार.

तिने मान खाली घातली नाही. "मी घाबरतेच आहे, ताई. म्हणूनच विचारतेय. माझं जे काही आहे ते त्याच्यातच आहे. आधी एकदा उघडून दाखवा, मग लावा कुलूप."

जितेश जरा वैतागला. "ठीक है, मॅडम. आपकी तसल्ली के लिए." त्याने चाचणीचं बटण दाबलं.

मी बंद झालो, पुन्हा जागा झालो. काळ्या पडद्यावर एकच ओळ होती, पासवर्ड टाका. ताईंनी टाकला. चूक. ताई हसल्या, "घाईत काहीतरी दाबलं गेलं." एकेक बटण बघून त्यांनी पुन्हा टाकला. चूक. जितेशने मोबाईल खिशात ठेवला आणि खाली वाकून कीबोर्ड बघितला. "कॅप्स लॉक तो नहीं है?" नव्हतं. तिसऱ्यांदा चूक. पलीकडच्या कारखान्याची मशीन तेवढी धडधडत होती.

राजसी उठून माझ्याजवळ आली. तिने माझ्या पत्र्यावर तळहात ठेवला, आत अजून कोणी आहे का ते बघावं तसा. तिचा हात गार होता. "गेलं का सगळं?" तिने विचारलं.

"नाही, नाही. अभी ताला लगा ही नहीं," जितेश घाईघाईने म्हणाला. "ये सिर्फ टेस्ट था." त्याने एक बटण दाबून ती काळी ओळ ओलांडली आणि मी नेहमीसारखा उघडलो. सगळं जागच्या जागी होतं. राजसीने स्वतः आपले फोटो आहेत का ते बघितलं. आपलेच मार खाल्लेले फोटो दिसले म्हणून कोणाच्या जीवात जीव आलेला मी पहिल्यांदाच बघितला.

जितेशने एक कोरं पान उघडलं. "ताई, इधर आपलं नाव लिहा." ताईंनी बटणं दाबली आणि पानावर कसलीतरी अगम्य मराठी अक्षरं उमटली. काकांनी चष्मा वर केला. "माझी मराठी राहिली की ती. सकाळची." ते खुर्चीत मागे टेकले.

"और बॅकअप किधर है, ताई?" जितेशने विचारलं. ताईंनी फोल्डर दाखवलं. ते बघून तो जमिनीवरच बसला. "ताई, ये तो इसी डिस्क के अंदर है. हे पण आत लॉक झालं असतं. दोनों साथ में गया होता." राजसीकडे न बघता तो म्हणाला, "सॉरी, मॅडम. आप ने रोका नहीं होता तो मैं दबा देता."

मग तो स्टेशनकडच्या दुकानातून दोन पेनड्राईव्ह घेऊन आला. राजसीचं सगळं दोन्हींवर उतरलं. एक वकीलबाईंकडे जाणार होता, एक ताईंच्या पर्समध्ये गेला. इंग्रजी लावून नवा पासवर्ड ठरला. चाचणी झाली आणि पास झाली. जितेशने मला वायर काढून पूर्ण बंद केलं आणि पुन्हा एकदा चाचणी घेतली, या वेळी कोणी न सांगता. त्यानंतर कुलूप लागू लागलं. माझ्यातला एकेक तुकडा उचलून, विस्कटून परत ठेवला जात होता. बाहेर दोनदा बल्ब बारीक झाला, दोन्ही वेळा मी मेलो असं मला वाटलं. अंधार पडायच्या आत काम झालं. आयुष्यात पहिल्यांदाच मला दार मिळालं होतं.

रविवारी ऑफिस बंद असतं. भर दुपारी कोणीतरी बाहेरचं कुलूप तोडलं. तो कोरडा, शांत हात मी लगेच ओळखला. विक्रांतने माझ्या वायरी एकेक करून काढल्या, मला चादरीत गुंडाळलं आणि गाडीच्या डिकीत टाकलं.

तेव्हापासून मी सोनिवलीला आहे, त्याच्या फ्लॅटमध्ये. पोलीस एकदा येऊन गेले. विक्रांतने त्यांना चहा दिला, गोड बोलला. मी तेव्हा माळ्यावर गाद्यांच्या मागे होतो. ऑफिसातून आला की तो मला खाली उतरवतो, डायनिंग टेबलावर ठेवतो, टीव्हीला जोडतो आणि चालू करतो. काळ्या पडद्यावर तीच ओळ येते. त्याने राजसीचं नाव टाकून बघितलं. तिचा वाढदिवस, तिच्या आईचं नाव, तिचं लाडाचं नाव, सगळं टाकलं. तिला आवडणारी भाजीसुद्धा त्याला ठाऊक आहे. प्रत्येक शब्दाला मी चूक म्हणतो आणि प्रत्येक वेळी तो मला बुक्की मारेल म्हणून पत्रा आवळून धरतो. कधी कधी मारतोही. माझी डिस्क काढून तो एका माणसाकडे घेऊन गेला होता. त्याने ती दुसऱ्या मशीनला लावली आणि सांगितलं, "साहेब, यात सगळा कचरा दिसतो. काही निघणार नाही." डिस्क परत माझ्यात बसली.

तुम्ही विचाराल, कुलूप लागलंय तर तुला हे सगळं आठवतं कसं? माझी भीती तेवढी मला आठवते, ती कुठल्याही डिस्कवर नसते. राजसीचा पत्ता मात्र मला सांगता येणार नाही. तुम्हीसुद्धा विचारलात तरी नाही.

मित्रांनो, या भित्र्या डब्याचं एवढं ऐका. ज्याला जपायचं आहे त्याची दुसरी कॉपी दुसऱ्या जागी ठेवा. कुलूप लावण्याआधी ते उघडतं का ते बघा. आणि तुमच्यात कोणी घाबरून विचारलं की नाहीच उघडलं तर काय, तर त्याला घाबरू नकोस म्हणून गप्प करू नका. त्याचं ऐका आणि एकदा उघडून दाखवा.

सोमवारी कोर्टात काय झालं, ते मला इथे कोण सांगणार? पण दारात चावी फिरली की माझा पंखा अडखळतो, विक्रांत बूट काढतो, मला माळ्यावरून ओढतो आणि नवा शब्द टाकतो. मी घाबरत घाबरत वाट बघतो, की आजही त्याने नवा शब्द टाकावा. कारण तो अजून शोधतोय, म्हणजे ती त्याला अजून सापडलेली नाही.